अक्कलकोट रोडवरच्या पत्र्याच्या शेडमधील उष्णता : आधी पंखे की आधी छत?

ताणाबाणा

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमची टेरी टॉवेलची शेड आहे. लांबी ३० मीटर, रुंदी १५ मीटर, मधला कणा सुमारे ६ मीटर उंच, वर एकेरी पत्रा, आत ४० माग आणि प्रत्येक मागाला एक अश्वशक्तीची मोटर. मार्च सरला की दुपारी बारानंतर आत उभे राहणे कठीण होते. दुपारच्या पाळीला यायला कामगार नाखूश असतात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. एका पुरवठादाराने भिंतीत मोठे एक्झॉस्ट पंखे बसवायला सांगितले आहे, तर दुसऱ्याने छताखाली इन्सुलेशन करायला सांगितले आहे. दोन्हींचा खर्च जवळपास सारखा आहे आणि दोन्ही कामे एकाच वर्षी काढणे आम्हाला परवडणारे नाही.

याला जोडून आणखी एक शंका आहे. माझा मावसभाऊ पोलंडमध्ये एका मोठ्या गोदामात काम करतो. तिथे थंडीत गोदाम तापवण्यासाठी छताला लांबलचक नळ्या टांगलेल्या असतात आणि त्यांची ऊब खाली काम करणाऱ्याला चांगली जाणवते, असे तो सांगतो. गरम हवा वर जाते हे आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. मग वर टांगलेली गरम नळी खालच्या माणसाला कशी काय ऊब देते? या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच असावे असे मला वाटते, म्हणून ते एकत्र विचारत आहे.

उष्मांक

आपला अंदाज बरोबर आहे. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. मी तंत्रनिकेतनात हा विषय शिकवतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

उष्णता वहन (पदार्थातून), अभिसरण (हवा-पाण्याच्या हालचालीने) आणि प्रारण (किरणांनी) अशा तीन मार्गांनी जाते, हे आपल्याला आठवत असेलच. शेडच्या बाबतीत यांतला कोणता मार्ग किती उष्णता आणतो, हे आकड्यांत मांडल्याशिवाय खर्चाचा निर्णय घेऊ नये.

वहनापासून सुरुवात करू. पोलादाची उष्णतावाहकता साधारण ५० वॅट प्रति मीटर प्रति केल्विन असते आणि आपला पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. एवढ्या पातळ पत्र्याचा उष्णतेला होणारा अडथळा जवळजवळ शून्य असल्यामुळे पत्र्याची वरची बाजू जेवढी तापते तेवढीच खालचीही तापते. इन्सुलेशनसाठी वापरतात त्या खनिज लोकरीची वाहकता याउलट ०.०४ च्या आसपास असते, म्हणजे पोलादाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी.

आता पत्रा तापतो किती? सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो. त्या काळात आडव्या छतावर प्रत्येक चौरस मीटरला जवळपास १००० वॅट ऊन पडते आणि उभ्या भिंतींवर त्या वेळी फारच थोडे पडते. म्हणून आपल्या भागात उन्हाळ्यात शेड तापते ती प्रामुख्याने छताकडून. जुना, गंजलेला किंवा गडद रंगाचा पत्रा बाहेर ४० अंश असताना ६५ अंशांपर्यंत सहज जातो.

असा तापलेला पत्रा खालच्या दिशेने अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे, किरण टाकत राहतो. या प्रारणाचा नियम स्टेफान यांनी १८७९ साली प्रयोगांच्या आकड्यांवरून मांडला आणि बोल्ट्झमान यांनी १८८४ साली त्याची सैद्धांतिक सिद्धता दिली. त्यानुसार पृष्ठभागाकडून निघणारी ऊर्जा त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. पत्रा ६५ अंश म्हणजे ३३८ केल्विन, तर खालची जमीन, माग आणि माणसे ३८ अंश म्हणजे ३११ केल्विन धरली आणि दोन्हींची उत्सर्जकता (किरण टाकण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.९ मानली, तर प्रत्येक चौरस मीटर पत्र्यामागे सुमारे १७० वॅट उष्णता खाली येते. आपले छत ४५० चौरस मीटर आहे. गुणाकार केला की सुमारे ७५ किलोवॅट होतात.

चाळीस मोटरी पूर्ण भाराने चालल्या तरी त्यांची उष्णता ३० किलोवॅटच्या घरात जाते. (मागाने घेतलेली सगळी वीज घर्षण, आवाज आणि धक्के यांच्या वाटेने अखेर शेडमध्ये उष्णता म्हणूनच उरते, त्यामुळे इथे कार्यक्षमतेची वजाबाकी करायची नसते.) थोडक्यात, भर दुपारी आपल्या मागांच्या अडीचपट उष्णता एकटे छत देते.

आता नळीचा प्रश्न. हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू या अवरक्त किरणांना जवळजवळ पारदर्शक असतात. किरण हवेतून सरळ खाली येतात आणि ज्या पृष्ठभागावर पडतात त्याला तापवतात. वर-खाली हा भेद त्यांना लागू नाही. तो भेद हवेला लागू आहे, कारण गरम हवा हलकी होऊन वर सरकते. संक्रांतीच्या सुमारास शेकोटीपुढे बसल्यावर तोंड भाजते आणि पाठ गारठते, तेव्हा हवा दोन्हीकडे सारखीच असते; फरक पडतो तो प्रारणाचा. पोलंडमधली नळी आणि आपला पत्रा एकच काम करतात. तिथे ते हवे असते, इथे नको असते, एवढाच फरक.

म्हणून पंख्यांबद्दल माझे मत असे की, पंखा हवा बदलतो, पण किरण अडवत नाही. बाहेर ४१ अंश असताना पंखा कितीही मोठा लावला तरी आतली हवा ४१ च्या खाली येणार नाही आणि पत्र्याचे ऊन डोक्यावर पडतच राहील. आधी छत करा.

नेकरकाठ

मी मूळचा सोलापूरचा, सध्या श्टुटगार्टजवळ औद्योगिक इमारतींच्या तापनव्यवस्थेचे काम करतो. उष्मांक सरांनी पाया घातलाच आहे. थंड देशांतील मोठ्या शेड तापवताना नेमके काय होते ते मी सांगतो. त्यातून आपल्या शेडलाही काही शिकण्यासारखे आहे.

समजा, ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि १० मीटर उंच हॉल आहे. त्यात १८,००० घनमीटर हवा असते. दारे, फटी आणि सांधे यांतून दर तासाला निम्मी हवा जरी बदलली आणि बाहेर उणे १० तर आत १६ अंश राखायचे असतील, तरी केवळ येणारी थंड हवा तापवायला ८० किलोवॅटच्या आसपास लागतात. भिंती आणि छतातून जाणारी उष्णता वेगळी. त्यातच ट्रक लावायचे दार उघडे राहिले की सगळा हिशोब बिघडतो. म्हणूनच इथले अनुभवी लोक नवा हीटर सुचवण्याआधी दारांचे रबर तपासतात, दारावर हवेचा पडदा बसवतात आणि दार आपोआप बंद होते की नाही ते पाहतात.

गरम हवा फेकणारे हीटर लावले तर वेगळीच अडचण येते. गरम हवा वर जाऊन छताखाली साठते आणि जमिनीपेक्षा छताजवळचे तापमान आठ-दहा अंशांनी जास्त असणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे ज्या उंचीवर कोणीही काम करत नाही तिथे इंधनाचा पैसा जातो आणि वरची हवा जितकी गरम तितकी छतातून बाहेर जाणारी उष्णताही जास्त. यावर एक उपाय म्हणजे ही साठलेली हवा सावकाश खाली ढकलणारे मोठ्या पात्यांचे पंखे. दुसरा उपाय म्हणजे आपल्या मावसभावाने पाहिलेल्या नळ्या.

त्या नळीची रचना साधी असते. एका टोकाला गॅसचा बर्नर असतो, ज्योत आणि तप्त वायू पोलादी नळीतून जातात आणि दुसऱ्या टोकाला धूर बाहेर सोडणारा पंखा असतो. नळी काही शे अंशांपर्यंत तापते, पण लाल दिसत नाही. तिचा पृष्ठभाग मुद्दाम काळसर ठेवतात, कारण काळसर पृष्ठभाग प्रारण चांगले करतो. नळीच्या वर मात्र चकचकीत ॲल्युमिनियमचा उलटा पन्हाळ असतो, जो वर जाणारे किरण खाली वळवतो. त्या पन्हाळाची वरची बाजू नळीच्या मानाने बरीच कमी तापते. किरण थेट माणसांवर, यंत्रांवर आणि जमिनीवर पडत असल्यामुळे हवा दोन-तीन अंशांनी गार ठेवली तरी काम करणाऱ्याला तेवढीच ऊब वाटते आणि तेवढेच इंधन वाचते. भल्यामोठ्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात चारच माणसे काम करत असतील, तर तेवढाच कोपरा तापवता येतो. गरम हवेच्या पद्धतीत हे जमत नाही. नव्या इमारतींत पुष्कळदा जमिनीतच गरम पाण्याच्या नळ्या घालतात, कारण संपूर्ण जमीन हाच प्रारण करणारा पृष्ठभाग झाला तर पाणी ३५-४० अंशांचे असले तरी पुरते.

काम जितके जड तितकी कमी ऊब पुरते, हेही इथे नियमात धरलेले आहे. जर्मनीत जड कामाच्या जागी किमान १२ अंश, मध्यम श्रमाच्या उभ्या कामासाठी १७ अंश आणि बसून करायच्या हलक्या कामासाठी २० अंश अपेक्षित असतात.

ताणाबाणा यांच्यासाठी यातले सर्वांत महत्त्वाचे काय, तर तो ॲल्युमिनियमचा पन्हाळ. चकचकीत ॲल्युमिनियमची उत्सर्जकता ०.०५ च्या आसपास असते. वरच्या हिशोबात पत्र्याखाली असा पृष्ठभाग आला की पत्र्याइतकाच तापला तरीही तो १७० वॅटऐवजी दहा-अकरा वॅटच खाली टाकेल.

पूर्वभाग

मी यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करून चालते ठेवणारा) म्हणून काम केले आहे आणि आजही सोलापूरच्या पूर्व भागातल्या शेडमध्येच असतो. वरचे दोन्ही प्रतिसाद मन लावून वाचले. पण शेडची दारे-खिडक्या भर उन्हाळ्यात बंद का असतात, हे इथे कोणी लिहिले नाही. ते सांगितल्याशिवाय चर्चा पुरी होणार नाही.

सुती धाग्याला ओलावा लागतो. हवा कोरडी झाली की ताण्याचे (उभे) धागे तटातट तुटतात, तंतू जास्त उडतात आणि एकेक धागा सांधण्यात विणकराचा वेळ जातो. विणाई खात्यात हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ ते ८० टक्के असावी असे मानले जाते आणि आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी बाहेर ती २० टक्क्यांवरही येते. म्हणून मालक खिडक्या लावून घेतात, जमिनीवर पाणी मारतात आणि त्या कोंडलेल्या दमट गरमीत माणूस उभा राहतो. जो पंख्यांनी हवा खेचायला सांगतो, त्याने हेही सांगावे की बाहेरची कोरडी हवा भसाभसा आत आल्यावर तुटणाऱ्या धाग्यांचे काय करायचे. विणकराची मजुरी मीटरवर असते. धागा तुटला की त्याच्या खिशाला चाट बसते.

हिवाळ्याचेही लिहितो. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत (जानेवारीत) पहाटे पत्रा इतका गार होतो की शेडमधली दमट हवा त्याला लागून पाणी होते आणि ते थेंब बीमवर (ताणा गुंडाळलेल्या रुळावर) आणि तयार टॉवेलवर पडतात. गंजाचे पिवळे डाग पडलेला माल दुय्यम दरात जातो. छत केले तर हे थांबेल का, हे सरांनी सांगावे.

उष्मांक

पूर्वभाग यांनी फार मोलाचे दोन मुद्दे मांडले.

थेंब थांबतील. रात्री स्वच्छ आकाशाखाली पत्रा आकाशाकडे प्रारण करून स्वतः भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतो. दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते त्याच्या) खाली गेला की त्यावर पाणी साचते. दिवसा जो मार्ग उष्णता आत आणतो, तोच रात्री उलटा चालतो. मात्र पत्र्याखालच्या थराचे सांधे हवाबंद चिकटवलेले असायला हवेत. दमट हवा फटीतून वर पत्र्यापर्यंत पोचली तर पाणी तिथे साचेल आणि लोकर भिजेल. भिजलेली खनिज लोकर उष्णता अडवण्याचे काम नीट करत नाही.

ओलाव्याच्या अडचणीत आपल्या हवामानाचा एक फायदाही दडलेला आहे. बाहेर ४१ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या बल्बचे तापमान (ओले फडके गुंडाळलेली तापमापी दाखवते ते) सुमारे २३ अंश येते. ही हवा कूलरला असतात तशा ओल्या पॅडमधून आत घेतली तर ती २६-२७ अंशांपर्यंत खाली येते आणि तिची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास जाते. धाग्याला हवा तो ओलावा आणि माणसाला हवा तो गारवा दोन्ही एकदम मिळतात. म्हणजे विणाईच्या शेडमध्ये हवा खेचणारा पंखा लावण्याऐवजी पॅडमधून गार, ओली हवा आत ढकलणारा पंखा लावावा आणि जुनी हवा वरच्या बाजूने बाहेर जाऊ द्यावी.

पण क्रम तोच. छत तापलेले ठेवून ही व्यवस्था केली तर पॅडने गार केलेल्या हवेचा मोठा हिस्सा छताची उष्णता पुसण्यातच खर्ची पडेल. हिशोब करून पाहा. मागांचे ३० किलोवॅट वाहून न्यायला, हवा आत येताना आणि बाहेर जाताना पाच अंशांचा फरक धरला तर, सेकंदाला सुमारे ५.३ घनमीटर हवा लागते. छताचे ७५ किलोवॅट तसेच राहिले तर हा आकडा साडेतीन पटींवर जातो. पंखे, पॅड, वीज, पाणी सगळेच त्या पटीत.

पाण्याचा विचार सोलापुरात करावाच लागतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ किलोवॅट-तास उष्णता घेऊन जाते. सेकंदाला ५.३ घनमीटर हवा १५ अंशांनी गार करायला तासाला १३५ लिटरच्या आसपास पाणी उडते. शिवाय क्षार साठू नयेत म्हणून टाकीतले थोडे पाणी अधूनमधून सोडून द्यावे लागते. छत न करता साडेतीनपट पाणी कुठून आणणार?

जुलैत ही पद्धत फारशी चालत नाही. तेव्हा बाहेरची हवा ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेची असेल तर ती पॅडमधून तीन-चार अंशच उतरते. पण त्या दिवसांत ओलावा आपसूक असतो, ढगांमुळे छतावर ऊनही कमी असते. तेव्हा पॅडचे पाणी बंद ठेवून नुसता पंखा चालवावा.

कामगारांच्या दृष्टीने एक मर्यादा लक्षात ठेवायलाच हवी. महाराष्ट्राच्या कारखाने नियमांनी कामाच्या खोलीत जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ओल्या बल्बचे तापमान ३० अंशांच्या वर जाऊ नये आणि हवेची हालचाल मिनिटाला किमान ३० मीटर असावी, असे सांगितलेले आहे. नुसते जमिनीवर पाणी मारून खिडक्या बंद ठेवल्या तर मे महिन्यात ही मर्यादा ओलांडली जाण्याची पुरेपूर शक्यता असते, कारण मग घाम वाळत नाही आणि शरीराला उष्णता टाकायला दुसरी वाट उरत नाही.

मोकळी_हवा

मी थोडा असहमत आहे. चिंचोळीला आमची फॅब्रिकेशनची शेड आहे. आम्ही छताला हात न लावता मोठ्या पात्यांचा एक पंखा बसवला आणि कामगारांना लगेच बरे वाटले. नेकरकाठ म्हणतात तोच पंखा, फक्त उन्हाळ्यात चालवलेला. सगळे गणित छताभोवती फिरवण्याआधी माणसाला काय वाटते तेही पाहावे.

नेकरकाठ

आपला अनुभव खरा आहे आणि त्याचे कारणही पक्के आहे. अंगावरून वारा गेला की घाम लवकर वाळतो, म्हणून हवा ३७-३८ अंश असली तरी बरे वाटते. मात्र त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून बरीच तापली की वारा घाम वाळवतो खरा, पण स्वतःची उष्णताही अंगाला देतो, आणि ४२-४३ अंशांना हा सौदा आतबट्ट्याचा होऊ लागतो. त्यात एक बारकावा आहे. आम्ही इथे थंडीत वरची गरम हवा मुद्दाम खाली आणतो. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली साठलेली हवा वरच राहावी आणि कण्याजवळच्या झरोक्यातून निघून जावी, हे हिताचे. छत उघडे आणि तापलेले असताना मोठा पंखा ती हवा खाली ढवळतो. छताखाली थर बसल्यावर तोच पंखा निर्धास्त चालवता येईल, कारण वर साठायला तेवढी गरम हवा राहणारच नाही.

शिवाय आपल्याकडे फॅब्रिकेशन आहे. विणाईत जोराचा वारा तंतू उडवतो आणि ते तंतू कापडात विणले जातात. म्हणून ताणाबाणा यांनी पंख्याचा वेग बेताचा ठेवावा.

बाष्प

कण्याजवळच्या झरोक्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी रंगाई खात्यात बॉयलरवर असतो. छतावर फिरणाऱ्या टर्बो व्हेंटिलेटरच्या टोप्या बसवून घेणारे अनेक जण खालून हवा आत यायला वाट ठेवत नाहीत. वरून जितकी हवा जायची तितकी खालून यायला हवी, नाहीतर टोपी फिरताना दिसते आणि हवा मात्र हलत नाही. सहा मीटर उंचीत आत-बाहेर पाच अंशांचा फरक असेल तर हवेला वर ढकलणारा दाब फक्त एक पास्कलच्या आसपास असतो. एवढ्याशा दाबाला अरुंद जाळी, बंद खिडकी किंवा तंतूंनी बुजलेले भोक पार करता येत नाही. खालची भोके वरच्या भोकांइतकी तरी मोठी ठेवा.

ज्यांच्या शेडला लागूनच रंगाई किंवा सायझिंग (ताण्याला खळ देण्याचे काम) आहे त्यांनी वाफेच्या उघड्या नळ्या आधी गुंडाळाव्यात. सात बार दाबाची वाफ १७० अंशांची असते. दोन इंची उघडी नळी दर मीटरला सुमारे अर्धा किलोवॅट उष्णता खोलीत सोडते. वीस मीटर उघडी नळी म्हणजे दहा किलोवॅटचा हीटर भर उन्हाळ्यात चालू ठेवल्यासारखे आहे आणि त्याचे इंधन आपणच विकत घेतलेले असते. नळीला गुंडाळतात, पण व्हॉल्व्ह आणि फ्लँज तसेच सोडतात, तेही झाकावेत.

ताणाबाणा

सर्वांचे मनापासून आभार. सरांनी व्यक्तिगत निरोपात सुचवलेली चाचणी करून पाहिली. टेबल टेनिसच्या चेंडूला काळा मॅट रंग दिला, छोटे भोक पाडून त्यात तापमापीचे टोक बसवले आणि दुसरी तापमापी शेजारी फॉइलच्या आडोशाला टांगली, म्हणजे तिला केवळ हवेचे तापमान कळावे. दोन्ही मागाजवळ, डोक्याच्या उंचीवर. दुपारी दोनच्या सुमारास हवा ३९.५ अंश आणि चेंडू ४४ अंश दाखवत होता. मग फॉइल लावलेला पुठ्ठ्याचा मोठा तुकडा चेंडूच्या वर हातभर अंतरावर धरला. हवेची तापमापी जागची हलली नाही, चेंडू मात्र हळूहळू ४१ वर आला. रात्री आठनंतर दोन्ही आकडे जवळपास एकच. आमच्या जॉबरने हे स्वतः पाहिले आणि पुठ्ठ्याखाली उभे राहून म्हणाला, “मालक, हाच पुठ्ठा सगळ्या छताला लावा.”

आता निर्णय छताचाच. पण पुरवठादार थर्मोकोलचे पांढरे तक्ते स्वस्तात देतो म्हणतो, शिवाय वरून पांढरा रंग मारायला सांगणारेही आहेत. काय करावे?

दक्ष

थर्मोकोल कृपया लावू नका. मी कारखान्यांच्या सुरक्षेचे काम करतो, म्हणून आग्रहाने सांगतो. टॉवेलच्या शेडमध्ये तंतू सगळीकडे बसलेले असतात, वरून विजेच्या तारा गेलेल्या असतात आणि थर्मोकोल पेटला की वितळून जळते थेंब खाली पडतात, दाट काळा धूर काही मिनिटांत भरतो. बुडबुड्यांच्या प्लास्टिकवर फॉइल चिकटवलेले जे गुंडाळे मिळतात, त्यांचेही आगीतले वर्तन विचारल्याशिवाय घेऊ नका. चाचणीचा दाखला मागा. खनिज लोकर स्वतः पेटत नाही, तीच घ्या. थर बसवताना तारा त्याच्या आत दडपल्या जाणार नाहीत आणि बाहेर पडायची दोन्ही दारे मालाने अडलेली नसतील हे पाहा.

आणखी एक सांगतो. छताबद्दलचे हे सगळे उपाय नवे नाहीत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १३ च्या मूळ मजकुरातच पांढरा रंग देणे, छतावर पाणी फवारणे, छत उंच करणे, हवेची पोकळी ठेवून दुहेरी छत करणे आणि उष्णतारोधक साहित्य वापरणे, अशा उपायांची नावे होती. कामगाराला गारवा देणे हा मालकाच्या मर्जीचा विषय तेव्हाही नव्हता.

उष्मांक

दक्ष यांच्याशी पूर्ण सहमत. पांढऱ्या रंगाचे उत्तर देतो. ताजा पांढरा परावर्तक रंग ऊन मोठ्या प्रमाणात परतवतो आणि ६५ अंशांचा पत्रा ५० च्या आत-बाहेर येतो. खर्चाच्या मानाने हा सर्वांत फायद्याचा उपाय आहे. नुसता चुना मात्र पहिल्या पावसात उतरतो. रंग चांगला असला तरी एमआयडीसीतल्या धुळीने वर्षभरात मळतो, म्हणून पाडव्याच्या आत छत धुऊन घ्यावे. लोकरीला पैसे जमेपर्यंत यंदा निदान रंग मारून घ्या. तो पुढे वाया जाणार नाही, कारण पत्रा कमी तापला तर खालच्या थरावरचा भारही कमी होतो.

लोकर ५० मिलिमीटर जाडीची घ्या आणि फॉइलची चकचकीत बाजू खाली, शेडच्या हवेकडे ठेवा. वर ठेवलेल्या फॉइलवर धूळ बसली की तिची उत्सर्जकता वाढते आणि ती साध्या पत्र्यासारखी वागू लागते. खालच्या तोंडावर धूळ फारशी टिकत नाही.

पूर्वभाग

सर, धूळ टिकत नसेल, पण तंतू उलट्या बाजूलाही चिकटतात, विशेषतः दमट शेडमध्ये. टॉवेलच्या मागांवर तर फारच. म्हणून थर बसवताना त्याला खालून बारीक तारेची जाळी घ्या. तिच्यामुळे लांब दांड्याच्या मऊ कुंच्याने किंवा कमी दाबाच्या हवेने आठवड्याच्या सुट्टीला फॉइल झाडता येते आणि ते फाटत नाही. झाडण्याआधी बीम झाका आणि मेन स्विच बंद करा. काम पाळी चालू असताना काढू नका. आमच्याकडे एका शेडमध्ये तसे केले तेव्हा वरचे सगळे तंतू चालू मागांवर पडले आणि ते कापड बाद झाले. एका वेळी दोन ओळींचे माग बंद ठेवून त्यांच्यावरचे छत पुरे करा, मग पुढच्या दोन ओळी घ्या. बंद मागांच्या विणकरांना त्या दिवसांची मजुरी द्या, म्हणजे कामाला तेच हात लावतील. कुठला पत्रा गळतो आणि कुठली तार उघडी आहे हे त्यांना ठाऊक असते.